तेराच्या तेरा मेंढ्या एकदम म्हाताऱ्या झाल्या

वाचकाचं पत्र

डॉक्टरसाहेबांना नमस्कार. आम्ही माण तालुक्यातले. सहा एकर जिराईत रान आहे. मालक वाशीला माथाडी कामगार आहेत, घरी मी, दोन मुली आणि सासरे. त्यांना आम्ही आबा म्हणतो. 2019 साली सरकारच्या महामेष योजनेतून 20 मेंढ्या आणि 1 मेंढा मिळाला. मेंढ्या तेव्हा सगळ्याच दोन दाती होत्या. त्यातल्या सात काही ना काही होऊन गेल्या, 13 राहिल्या. घरच्या पैदाशीच्या 11 तरण्या मेंढ्या वेगळ्या. मेंढा बाराही महिने कळपातच असतो. यंदा 13 पैकी नऊजणींनी कोकरं चांगली वाढवली, एकीचं कोकरू आठ दिवसांत मेलं, एकीची कास दगडासारखी झाली आणि दोघी भाकड राहिल्या. गेल्या वर्षी साडेतीन महिन्यांची कोकरं सरासरी साडेपाच हजाराला गेली.

दलाल 13 मेंढ्यांचे उक्ते 65 हजार म्हणतोय. मालक म्हणतात, सगळ्या देऊन टाक, त्या पैशात 13 हजाराला एक अशा पाच तरण्या येतील. आबा म्हणतात, एकही विकायची नाही. मोरी नावाच्या मेंढीला तर त्यांनी बिरोबाच्या नावानं सोडलीय. जूनमध्ये थोरलीला अकरावीला घालायचंय, त्यालाही पैसे लागणार. शेजारी सांगतात, फलटणचा जुळी देणारा मेंढा आणा, म्हाताऱ्यांनाही दोन-दोन कोकरं होतील. मला काहीच सुचत नाही.

— एक वाचक भगिनी, माण तालुका

उत्तर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. कुठल्या मेंढीचं कोकरू मेलं, कुठलीची कास गेली, कोण भाकड राहिली, हे सगळं तुमच्या तोंडपाठ आहे. निम्मं काम इथंच झालंय. ज्याला आपल्या मेंढ्यांचा वर्षाचा हिशेब सांगता येत नाही, त्याला मी काय सल्ला देणार?

तुमची अडचण एकेका मेंढीच्या वयाची नाही. वीस मेंढ्या एका दिवशी दारात आल्या, एका वयाच्या आल्या, म्हणून आज एकदम म्हाताऱ्या झाल्या. वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, घेऊन हिंडणाऱ्या जुन्या कळपात हे कधी होत नाही. तिथं कोकरापासून म्हातारीपर्यंत सगळ्या वयाच्या मेंढ्या असतात, दरसाल चार जातात, चार नव्या उभ्या राहतात. योजनेतून किंवा कर्ज काढून एकगठ्ठा घेतलेल्या कळपाला सहाव्या-सातव्या वर्षी हा धक्का बसतोच. आता तेराही विकल्या तर यंदा कळप निम्मा होईल. एकही विकली नाही तर दोन वर्षांत त्या आपोआप जातील, आणि हाती कातडंसुद्धा लागणार नाही. तेव्हा मालकांचंही नको आणि आबांचंही नको. या तेरा मेंढ्या तीन वर्षांत पसरून काढायच्या. यंदा चार-पाच, पुढच्या वर्षी तेवढ्याच, राहतील त्या तिसऱ्या वर्षी.

कुठल्या चार-पाच, हे वय सांगत नाही. तेरा जणींचं वय एकच आहे. ते तोंड सांगतं, कास सांगते आणि तुमच्या डोक्यातला हिशेब सांगतो.

पहिलं तोंड. मेंढीला पुढं फक्त खालच्या जबड्यात आठ दात असतात. वर दात नसतात, तिथं कडक हिरडी असते. दीड वर्षाच्या आसपास दोन मोठे दात येतात, मग चार, सहा, आणि चौथ्या वर्षापर्यंत आठही पुरे होतात. त्यानंतर दातावरून वय नुसतं अंदाजानं सांगायचं. दात लांबतात, त्यांच्यात फटी पडतात, मुळं हलायला लागतात, मग एखादा तुटतो किंवा पडतो. खडकाळ माळावर आखूड कुसळी खाणारी मेंढी पाचव्या वर्षीच दात घालवते. मऊ चारा खाणारीचे आठव्या वर्षीही शाबूत असतात. म्हणून एकाच दिवशी आलेल्या तेरा मेंढ्यांची तोंडं तेरा तऱ्हांची निघाली तर आश्चर्य मानू नका.

बघताना मेंढी दोन पायांत धरा, खालचा ओठ अंगठ्यानं खाली ओढा. एक-दोन दात पडलेत पण बाकीचे घट्ट आहेत, तर ती अजून चरू शकते. आठपैकी निम्मे लांब आणि हलते असतील तर ती जास्त फसवी. असले दात धड कापतही नाहीत आणि चावताना दुखतात. सगळेच पडून हिरडी कडक झालेली मेंढी कधीकधी हलत्या दातांच्या मेंढीपेक्षा बरी खाते, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

मागच्या दाढांकडे मात्र कुणी बघत नाही, आणि म्हातारी मेंढी खरी तिथंच मार खाते. तोंडात बोट अजिबात घालू नका. दाढांच्या कडा सुरीसारख्या असतात. बाहेरून गालावरून, जबड्याच्या हाडावरून दोन्ही बाजूंनी एकदम हात फिरवा. एका बाजूला गाठ लागली, हात लागताच तिनं मान झटकली, किंवा गालात चाऱ्याचा बोळा साठलेला असला तर दाढ बिघडलीय. अशी मेंढी रवंथ करताना पाहा. मध्येच थांबते, अर्धवट चावलेला घास खाली टाकते, हनुवटी हिरवट ओली असते. पुढचे दात कितीही सुंदर असोत, ही मेंढी यंदा विकायच्या चार-पाचांत धरा.

मग पाठ. शेवटच्या बरगडीच्या मागं, कण्यावर हाताचा पंजा ठेवून दाबा. लोकर वाढलेली असताना नजरेला मेंढी भरलेली दिसते आणि हाताला नुसती हाडं लागतात, म्हणून नजरेवर जाऊ नका. मणक्याची टोकं बोटाला टोचत असतील तर ती खंगलीय. पण खंगली म्हणजे म्हातारी झाली असं लगेच ठरवू नका. डोळ्याची खालची पापणी उलटून बघा. आत लाल किंवा चांगलं गुलाबी असेल तर ठीक. पांढरट, कागदासारखं दिसलं तर रक्त पिणारे जंत झालेत. जबड्याखाली पाणी उतरून पिशवीसारखं लोंबत असेल तरी तेच. तिला वजनाप्रमाणे पुरेसं जंताचं औषध आणि महिनाभर खुराक द्या. फार मेंढ्या म्हाताऱ्या समजून विकल्या जातात आणि खरं दुखणं जंताचं असतं. औषध अंदाजानं कमी पाजणं हीही आपल्याकडची मोठी चूक. त्यानं जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. शेण दवाखान्यात तपासून घेतलं तर औषध कोणतं द्यायचं हे नेमकं कळतं. अल्बेंडाझोल हे नेहमीचं औषध मेंढी नुकतीच फळलेली असताना, पहिल्या महिना-सव्वा महिन्यात पाजू नका, पोटातल्या गर्भाला बाधतं.

दात चांगले, पापणी लाल, खाणं व्यवस्थित आणि तरीही मेंढी महिनोन् महिने वाळतच चाललीय, अशी एखादी असेल तर तिला डॉक्टरांना दाखवा आणि तिच्या मुली पैदाशीला ठेवू नका. आतड्यांचा जोन्स नावाचा रोग असाच हळूहळू खातो, आणि तो आईकडून पिल्लांत उतरतो.

कास तपासायची ती कोकरं तोडून दोन-तीन आठवडे झाल्यावर, दूध आटल्यावर. भरलेल्या कासेत गाठ कळत नाही. दोन्ही बाजू मऊ, सारख्या, सडं शाबूत असली पाहिजेत. जिची कास दगडासारखी झाली ती यंदाच जाऊ द्या, त्यात दुसरा विचार नको. एका बाजूच्या दुधावर एक कोकरू वाढतं असं लोक सांगतात आणि क्वचित ते खरंही असतं, पण मी असं कोकरू तीन महिन्यांत हाडांचा सापळा झालेलं पाहिलंय. ती कोवळ्या जिवाची उपासमार असते. तुमच्या पत्रातलं जे कोकरू आठव्या दिवशी मेलं, त्याच्या आईची कासही नीट चाचपा. बऱ्याचदा कोकरू रोगानं गेलं म्हणतात आणि खरं तर त्याला दूधच मिळालेलं नसतं.

लंगडेपणा, वाढलेली खुरं ही विकण्याची कारणं नव्हेत. खुरं तासा, चिखलातून बाजूला काढा. मायांग, म्हणजे जननेंद्रियाचा भाग, बाहेर येण्याचा त्रास एकदा झालेली मात्र ठेवू नका. पुढच्या वेताला ते पुन्हा येतं.

आता पैशाचा हिशेब, तुमच्याच पत्रातले आकडे घेऊन. चांगल्या तोंडाची, चांगल्या कासेची म्हातारी मेंढी धरा. दलालाच्या भावानं आज तिचे पाच हजार येतात. ठेवली तर पुढच्या चैत्रापर्यंत साडेपाच हजाराचं एक कोकरू देईल. विण्याआधी दीड महिना आणि विल्यावर महिनाभर, मिळून 75 दिवस रोज पाव किलो भरडा दिला तर 19 किलोच्या आसपास होतो. 30 रुपये किलो धरला तर पावणेसहाशे. वर्षभरात तिची किंमत हजारभर उतरेल असं समजा. तरी चार हजाराच्या जवळपास हातात राहतात, आणि चरणं-राखणं तर कळपाबरोबर होतंच. आता दाढा गेलेली धरा. तिचं कोकरू जगून बाजारापर्यंत जाईल याची खात्री निम्मी, म्हणजे पावणेतीन हजार. भरडा दुप्पट, साडेअकराशे. किंमत दोन हजारांनी उतरणार. चारशे रुपये अंगावर आले, आणि मध्येच मेली तर आजचे पाच हजार गेले ते वेगळेच. वय दोघींचं सारखंच होतं. सरसकट तेरा विकणं आणि सरसकट तेरा ठेवणं, दोन्हींत तोटा का, ते इथं दिसतं.

मालकांच्या बेतात आणखी एक गोष्ट हिशेबात धरलेली नाही. तेरा देऊन पाच घेतल्या की 24 मेंढ्यांच्या 16 झाल्या. शिवाय बाजारातून आणलेली तरणी मेंढी आपल्याबरोबर खुरीपासून गर्भपाताच्या रोगापर्यंत काय काय घेऊन येईल सांगता येत नाही. आणायचीच तर महिनाभर वेगळी बांधायची आणि लसीकरण करूनच कळपात सोडायची. पण तुम्हाला आणायची गरजच नाही. तुमच्या नऊ मेंढ्यांनी सहा वर्षं त्या माळावर जगून, वेळेवर गाभण राहून, कोकरं वाढवून दाखवलीत. त्यांच्यासारखी आई तुम्हाला आटपाडीच्या शनिवारच्या बाजारात ओळखून घेता येणार नाही. तिथं कुणाच्याही कपाळावर ते लिहिलेलं नसतं. यंदाच्या कोकरांतून याच मेंढ्यांच्या चार मादी कोकरं ठेवा. सगळ्यात मोठी दिसणारी नव्हे, सगळ्यात भरवशाच्या आईची ठेवा. दरसाल चार-पाच ठेवत गेलात की पाच-सहा वर्षांत सबंध कळप आपसूक बदलतो आणि पुन्हा असा एकदम म्हातारा होत नाही. एवढंच की मेंढा दर दोन वर्षांनी बदला, नाहीतर लेक बापालाच फळते.

आता तो बाराही महिने कळपात असलेला मेंढा. त्यामुळं एक मोठी पंचाईत होते. तुम्ही विकायला काढलेली मेंढी गाभण आहे की नाही, हे तुम्हालाच ठाऊक नसतं. गाभण मेंढी कापायला जाणं हे नुकसानही आहे आणि पापही, आबांनाही ते पटणार नाही. विकायच्या मेंढ्या आजच मेंढ्यापासून तोडा, आणि दोन भाकड मेंढ्यांसह सगळ्यांची पोटं डॉक्टरांकडून तपासून घ्या. सोनोग्राफीची सोय असलेल्या दवाखान्यात हे पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या वर्षापासून मेंढा आषाढात सोडा आणि साधारण 45 दिवसांनी काढून घ्या. मेंढी दर 17 दिवसांनी माजावर येते, म्हणजे प्रत्येकीला दोनदा तरी संधी मिळते. मेंढी पाच महिन्यांनी विते, तेव्हा कोकरं मार्गशीर्ष-पौषात एकावेळी येतील, तुमच्या हातचा चारा संपायच्या आत. बाकीच्या काळात मेंढ्याला वेगळा ठेवायला जागा नसेल तर जुने लोक त्याच्या पोटाला गोणपाटाचं फडकं बांधत. आबांना ते बांधायचं कसं हे नक्की माहीत असेल.

फलटणच्या मेंढ्याबद्दल शेजाऱ्यांचा समज चुकीचा आहे, पण अगदीच बिनबुडाचाही नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालमधल्या सुंदरबनाकडची गरोळ ही छोटी मेंढी आणून तिच्यातला जुळी देणारा गुण आपल्या दख्खनी मेंढीत उतरवला. तीच नारी सुवर्णा. तो गुण मेंढीच्या अंडाशयात काम करतो. मेंढीनं एका माजाला किती अंडी सोडायची ते मेंढीच ठरवते, मेंढा नाही. तेव्हा सुवर्णा मेंढा आणला तरी तुमच्या म्हाताऱ्या पूर्वीसारखंच एकेक कोकरू देतील. त्याच्या मुली पुढं जुळी देऊ शकतील. आणि जुळी देणाऱ्या मेंढीला दूध लागतं, दुधाला चारा लागतो. सहा एकर जिराईत रानावर आधी चारा वाढवा, मेंढ्याचं नंतर बघू. म्हाताऱ्या मेंढीला जुळी राहिलीच तर शेवटच्या महिन्यात बऱ्याचदा ती उभी राहू शकत नाही, आंधळ्यासारखी करते आणि काही दिवसांत जाते. गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते आणि दात नसलेल्या मेंढीच्या पोटात तेवढं अन्न जात नाही, हे त्याचं कारण.

विकायचं कधी? याबद्दल मला फार तळमळ आहे. 2012-13 च्या दुष्काळात मी तुमच्याच भागात नोकरीला होतो. चारा छावण्या उघडल्या त्या मुख्यतः गाई-बैल-म्हशींसाठी. मेंढपाळांनी मेंढ्या चैत्रापर्यंत रेटल्या आणि मग सगळ्यांनीच एकदम बाजारात आणल्या. हाडं राहिलेल्या मेंढ्या, एकेका टेंपोत कोंबलेल्या. रुमालाखाली बोटं दाबून जे भाव ठरत होते, ते बघून माणसं तोंड फिरवून बसत होती. त्यांच्या मेंढ्या वाईट नव्हत्या. विकायचा दिवस त्यांनी ठरवला नव्हता, गरजेनं ठरवला होता. तुमच्या पत्रात जून महिना आलाय तो वाचून मला तेच आठवलं. लेकीच्या अकरावीसाठी मेंढ्या विकायच्या तर जरूर विका, तिच्या शिक्षणापुढं मेंढी मोठी नाही. पण फी भरायच्या आदल्या आठवड्यात विकू नका. दलालाला ते चेहऱ्यावरून कळतं.

तुमच्याकडे दोन दिवस चांगले आहेत. आज ज्यांच्या पाठीवर मांस आहे, त्या चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या दिवसांत काढा. तेव्हा मटणाला मागणी असते आणि तुमचा उन्हाळ्याचा चारा-पाणीही वाचतं. दोन भाकड मेंढ्या कोकरू पाजत नसल्यानं भरलेल्या असतील, त्या गाभण नसल्या आणि खाली सांगतोय ती रक्ततपासणी झाली, की पहिल्या त्याच. ज्या खंगल्यात पण निरोगी आहेत, त्यांना सहा आठवडे दावणीला धरा आणि आखाडात विका, श्रावण लागायच्या आत. एकदा श्रावण लागला की गणपती, नवरात्र असं करत दसऱ्यापर्यंत गिऱ्हाईक सुस्तावतं. बकरी ईदच्या भरवशावर म्हातारी मेंढी ठेवू नका. तेव्हा भाव असतो तो तरण्या, निर्दोष नरांना.

दात नसलेली मेंढी रानात भरत नाही, दावणीला भरते. कडब्याची बारीक कुट्टी, रात्री पाण्यात भिजवलेला भरडा आणि पेंड, सुबाभळीचा किंवा शेवरीचा पाला, असं दिलं की दाढा नसलेलीही अंग धरते. बाभळीच्या शेंगा तिला कुटून द्या, अख्ख्या चावत नाहीत. भरडा पहिल्या दिवशी मूठभर, मग आठ-दहा दिवसांत वाढवत पाव किलोवर न्या. एकदम दिला तर पोट बिघडून मेंढी रात्रीत जाते. तरण्या मेंढ्यांबरोबर एका गव्हाणीत घालू नका, म्हातारीला मागं ढकलतात.

65 हजारांचा उक्ता सौदा नाकारा. उक्त्यात दलाल नेहमी सगळ्यात खंगलेलीचा भाव सगळ्यांना लावतो. एक टांगायचा काटा मिळवा, गोणपाटाची झोळी करा आणि प्रत्येक मेंढी तोला. दख्खनी मेंढी साधारण 25 ते 30 किलोंची असते, माडग्याळी त्याहून जड. त्या आठवड्यात आटपाडीला शनिवारी किंवा लोणंदला गुरुवारी काय भाव निघाला, ते दोघा-तिघांना विचारून ठेवा. मग दारात आलेल्या माणसाशी तुम्हाला आकड्यानं बोलता येईल. कोवळ्या बकऱ्याचा भाव म्हाताऱ्या मेंढीला मिळणार नाही, मटण चिवट असतं, हे धरूनच चाला. जंताचं किंवा दुसरं कुठलं औषध दिलं असेल तर बाटलीवर मांसासाठी जेवढे दिवस थांबायला सांगितलंय तेवढे थांबा. ते कुणाच्या तरी पोटात जाणार आहे.

पाळायला म्हणून कुणी म्हातारी मागितली तर जे आहे ते सांगून द्या. सहा वेतं झालीत, एक दात पडलाय, कास चांगली आहे, असं. बागायतीतला माणूस, ज्याच्याकडे हिरवा मऊ चारा आहे, तो अशी मेंढी घेऊन आणखी दोन कोकरं काढतो आणि तुम्हाला खाटकापेक्षा दोन पैसे जास्त देतो. कास गेलेली किंवा गर्भपात झालेली मात्र पाळायला म्हणून कुणालाही देऊ नका, कितीही पैसे दिले तरी.

कागदाचं थोडक्यात. मेंढ्या योजनेतल्या आहेत, तेव्हा करारनामा काढून विक्रीबद्दल काय अटी होत्या ते आधी वाचा. कळत नसेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन विचारा. कानात बारा अंकी बिल्ला आहे का तेही बघा. 2024 च्या जूनपासून बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करू नये असा राज्यात नियम आहे.

आबांचं शेवटी ठेवलं, कारण ते सगळ्यात नाजूक आहे. ज्या माणसानं हयातभर मेंढरं राखली, त्याला "या म्हाताऱ्या झाल्या, विकून टाकू" असं घरच्यांनी म्हणणं किती लागत असेल याचा विचार करा. त्यांच्याशी विकण्याबद्दल बोलूच नका. सकाळी वाघरातून, म्हणजे जाळीच्या कुंपणातून, मेंढ्या सुटायच्या आधी त्यांना म्हणा, "आबा, डॉक्टरांनी दात आणि कास बघायला सांगितलंय, मला नीट कळत नाही, तुम्ही बघता का?" तुम्ही वही घेऊन शेजारी बसा आणि ते सांगतील तसं लिहा. मी 30 वर्षं या कामात काढली, पण पाठीवर हात ठेवून मेंढी किती दिवस काढेल हे जुना मेंढपाळ सांगतो, ते मला कधी जमलं नाही. तेरा जणींची तोंडं बघून झाल्यावर कुठल्या चार जाणार, हे तेच सांगतील, असा माझा अनुभव आहे.

मोरी राहू द्या. देवाच्या नावानं सोडलेली मेंढी तेराच्या हिशेबात धरायचीच नाही, बाराचा हिशेब करा. आणि ती नुसती श्रद्धेपुरती नाही. पाण्याची वाट, ओढ्याचा उतार, वादळात वळायचं कुठं, हे जुनी मेंढी दाखवते आणि बाकीच्या तिच्या मागं जातात. तुम्ही एकट्या बाई कळप सांभाळता, तुम्हाला तिचा आधार आहे. फक्त तिला आता मेंढा लागू देऊ नका. बिनगाभण मेंढी थोड्या भिजवलेल्या भरड्यावर आणखी दोन-तीन वर्षं सुखानं काढते. गाभण राहिली तर तेच बाळंतपण तिला नेईल. आषाढात 45 दिवस तिला घरी बांधा, पाला टाका, मुली लक्ष ठेवतील.

आणि एक काम या आठवड्यातच करा. त्या दोन भाकड मेंढ्या खरंच भाकड राहिल्या की मध्ये कुठं गाभ टाकला, हे आठवून बघा. रानात गाभ पडला तर कुत्री नेतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. जराही शंका असली तर विकायच्या आधी दवाखान्यातून दोघींच्या रक्ताचे नमुने पाठवायला सांगा. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, तिथं ब्रुसेला हा गाभ पाडणारा रोग तपासतात. हा रोग माणसालाही होतो. तोवर विणाऱ्या किंवा गाभडलेल्या मेंढीला उघड्या हातानं हात लावू नका, हातमोजे वापरा, वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा आणि मुलींना त्या जागेपासून लांब ठेवा. तपासणीचा निकाल आला की मला पुन्हा पत्र टाका. त्यावरून बाकीच्या मेंढ्यांचंही काय करायचं ते ठरवावं लागेल.